ॲप मुंबईला, डेटाबेस मकरपुऱ्याला: हा संसार कसा लावायचा?

दांडियाबझार | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे एरवी गणपतीची वर्गणी, पुण्याची गाडी आणि मुलींसाठी स्थळं एवढेच विषय असतात, त्यात माझा हा रुक्ष धागा. पण आपल्या बडोदेकरांत या धंद्यातले बरेच जण आहेत हे मला माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो.

मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात कॉम्प्युटर डिपार्टमेंट बघतो. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. ४५० माणसं, त्यातली १८० खुर्चीवर आणि बाकीची मशिनवर. दुसरं युनिट हालोलला. आयटीत मी, एक प्रोग्रामर, आणि नेटवर्क बघणारा एक मुलगा, जो साखरपुडा झाल्यापासून फोन उचलत नाही.

सामान असं: मेल आणि टीम्स कोरोनापासून क्लाउडमध्ये. ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा डेटाबेस ज्यात आहे तो एसक्यूएल सर्व्हर घरी, म्हणजे कारखान्यात. ड्रॉइंगं आणि क्वालिटीचे कागद शेअरपॉइंट २०१६ वर (फाइली सामाइक ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), तेही घरी. आणि माजघरात आजोबा बसावेत तसं डॉमिनो, म्हणजे लोटस नोट्सचा फॉर्म-मंजुऱ्यांचा जुना सर्व्हर. गेटपास, रजा, टूर, तक्रारी असे ८६ डेटाबेस, त्यातले काही २००१ सालचे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा नदी आमच्यापर्यंत आली नाही, पण गटारं उलटी वाहायला लागली. सर्व्हर रूम तळमजल्यावर. पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकलं तेव्हा मी आणि वॉचमन दोघंच आत, आणि हातात टॉर्च. यूपीएस संपायच्या आत एकेक मशीन बंद केलं. पुढे दोन दिवस वीज नव्हती. सुदैवाने काही गेलं नाही, पण शेठनी फर्मान काढलं, "भाई, आ बध्धुं क्लाउड पर नाखी दो ने." (हे सगळं क्लाउडवर टाकून द्या ना.)

मग सल्लागार आले, कोटेशन आलं. आकडा बघून शेठनी दोनदा चहा मागवला. मधला मार्ग निघाला तो 'अर्धं अर्धं'. इंडेंट (खरेदीची मागणी) मंजुरीचं आमचं जुनं डॉटनेटचं ॲप उचललं आणि क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरात, एका व्हर्च्युअल मशीनवर ठेवलं. डेटाबेस मात्र इथेच राहिला, कारण ईआरपी त्याच्यावर चालतं. मध्ये व्हीपीएन, म्हणजे नेटवरचा कुलूपबंद बोगदा.

आता रडगाणं. जी यादी एका सेकंदात उघडायची तिला ९ सेकंद लागतात. लीज लाइन १०० एमबीपीएसची आहे, स्पीड टेस्ट झकास येते, आणि सल्लागार म्हणतात लाइन वाढवा. दुसरं, हालोलहून फॉर्म उघडतो, शेरा लिहिला तर जातो, पण कोटेशनची पीडीएफ जोडली की चक्र फिरतच राहतं. मकरपुऱ्यातून तीच फाइल चढते. तिसरं, शेअरपॉइंट २०१६ चा सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतोय. त्याचं काय करू आणि डॉमिनोचं काय करू?

पर्चेसवाले मला कॅन्टीनमध्ये टाळायला लागलेत. मदत करा.

---

फुकटचा_सल्ला | सोमवार, रात्री १०:३१

सोपं आहे हो. सगळं गूगल ड्राइव्हवर टाका. आमच्या सोसायटीचं तिथेच आहे.

---

कोठीनाका | सोमवार, रात्री ११:०५

@फुकटचा_सल्ला, सोसायटीची वर्गणी आणि व्हॉल्व्हचं ईआरपी यात थोडा फरक असतो, दादा.

दांडियाबझार, लाइन अजिबात वाढवू नका. तुमचं दुखणं रस्त्याच्या रुंदीचं नाही, फेऱ्यांचं आहे. घरात पाहुणे आलेत आणि वाणी खाली गल्लीत आहे. तुम्ही एकदा साखरेला जाता, एकदा चहापत्तीला, एकदा बिस्किटांना. वाणी जवळ म्हणून कुणाला कळत नाही. आता तोच वाणी मुंबईला गेलाय आणि तुमची सवय तीच आहे. हायवे आठपदरी केला तरी साखरेला एक फेरी आणि चहापत्तीला दुसरी फेरी पडणारच.

आकड्यात सांगतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. बडोदा ते मुंबई ४०० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. हे देवाने ठरवलेलं किमान. त्यावर राउटर, व्हीपीएनचं कुलूप लावणं-उघडणं आणि लाइनचे वळसे मिळून १२ ते १५ होतात. घरातल्या घरात हीच फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते.

उद्या दोन कामं करा. ॲपच्या मशीनवरून डेटाबेसला फेरी किती वेळात होते ते मोजा. आणि एसक्यूएल प्रोफायलर लावून ती यादी एकदा उघडा, किती क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जातात ते मोजा. दोन्हींचा गुणाकार ९ सेकंदांच्या जवळ आला नाही तर मी कोठीवर उभा राहून सर्वांना सेव-उसळ देईन.

---

पोह्यावर_शेव | सोमवार, रात्री ११:२०

इंदूरहून वाचतोय. सेव-उसळीचा मुद्दा लक्षात ठेवलाय. आमच्याकडेही पैज अशीच लागते, फक्त पदार्थ बरा असतो.

---

दांडियाबझार | मंगळवार, दुपारी १:१८

कोठीनाका, सेव-उसळ वाचली तुमची. फेरी १४ मिलिसेकंद. क्वेऱ्या ६४०.

६४० गुणिले १४ म्हणजे ८.९६ सेकंद. मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला.

प्रोग्रामरला विचारलं. तो म्हणाला, "सर, यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी खात्याचं नाव, माणसाचं नाव आणि शिल्लक बजेट वेगळं आणतो." २०१४ पासून असंच आहे. बारा वर्षं अर्ध्या मिलिसेकंदाच्या पदराखाली हे पाप लपलं होतं.

---

कोठीनाका | मंगळवार, दुपारी १:४०

पाप वगैरे नाही हो. त्या काळी ॲप आणि डेटाबेस एकाच कपाटात राहायचे, तेव्हा ते चालून गेलं. पण ज्या दोघांचं आपसात सतत बोलणं चालतं त्यांच्यामध्ये ४०० किलोमीटरची भिंत घातली ती सल्लागारांनी. हायब्रिडची, म्हणजे अर्धं घरी-अर्धं क्लाउडमध्ये याची, रेघ मारताना लोक 'ॲप' आणि 'डेटा' असे दोन खण करतात, कारण चित्रात तसं सुबक दिसतं. रेघ मारायची ती जिथे बोलणं कमी आहे तिथे.

जॉइन लावून, म्हणजे सगळी माहिती एकत्रच मागून, ६४० च्या ४-५ क्वेऱ्या करा. हे कुठेही राहिलात तरी करायलाच हवं. मग शांतपणे ठरवा, ॲप परत घरी आणायचं की कसं.

---

नेटाचा_धनी | मंगळवार, संध्याकाळी ७:५२

हालोलचा रोग मी ओळखला. असे चार पेशंट पाहिलेत.

साध्या नेटवर्कवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. व्हीपीएन त्या पाकिटावर आपलं वेष्टन चढवतं, त्यामुळे आत जागा उरते साधारण १४०० ची. मोठं पाकीट आलं की राउटरने परत निरोप द्यायचा असतो, "बाबा, लहान करून पाठव." तो निरोप आयसीएमपीवरून, म्हणजे नेटवर्कच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेने, जातो. आणि कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली राउटरवर आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. मग पाठवणाऱ्याला वाटतं पाकीट वाटेत हरवलं, तो तेवढंच मोठं पाकीट पुन्हा पाठवतो, पुन्हा, पुन्हा. तेच तुमचं फिरणारं चक्र. शेरा जातो, कारण तो एका लहान पाकिटात मावतो.

खात्री करायची तर हालोलच्या मशीनवरून पिंग मारा, 'तुकडे करू नकोस' हा पर्याय लावून. आकार १४७२ द्या, मग खाली खाली या. त्यात २८ मिळवले की खरं माप कळतं. मकरपुऱ्याच्या फायरवॉलवर बहुधा एमएसएस (एका पाकिटात किती माल भरायचा ते माप) आधीच कमी करून ठेवलेला असेल, हालोलचं राउटर कुणी बघितलंच नसेल. तिथे १३५० लावा आणि आयसीएमपीचा तो एक निरोप मोकळा करा.

---

दांडियाबझार | बुधवार, सकाळी ११:०३

१३७२ जातं. १४०० ला नुसता वाट बघत बसतो.

१३५० लावलं आणि पीडीएफ चढली. हालोलच्या स्टोअरकीपरचा मला फोन आला, तोही शिव्या न देता. नेटवर्कच्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणे, "सर, ते मला माहीत होतं." त्याच्या लग्नाला आहेराचं पाकीट लहान करून देणार आहे.

---

अनघा_बडोदे | बुधवार, रात्री ९:३०

दादा, मी एका फार्मा कंपनीत याच प्रकरणातून गेले, फॉर्म आणि मंजुऱ्यांच्या बाजूने. दोन गोष्टी सांगते.

८६ डेटाबेस आहेत म्हणता, पण वापरात किती? डॉमिनोत प्रत्येक डेटाबेसच्या प्रॉपर्टीत युजर ॲक्टिव्हिटी दिसते, ती काढा. आमच्याकडे एक फॉर्म होता, 'कँटीन समिती सूचना'. २००९ नंतर तो कुणी उघडला नव्हता, आणि सल्लागाराने तो 'मध्यम गुंतागुंतीचा' म्हणून कोटेशनमध्ये धरला होता.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. जिथे मंजुरी होते असं तुम्हाला वाटतं, तिथे ती होत नसते. आमचे प्लँट हेड व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवायचे, आणि त्यांची असिस्टंट संध्याकाळी त्यांच्याच लॉगिनने सिस्टिममध्ये 'मंजूर' दाबायची. चार वर्षं! ऑडिटरला कळलं तेव्हा जी धावपळ झाली ती मी इथे लिहीत नाही. तर ॲप ढगात ठेवा नाहीतर अंगणात, साहेब ज्या स्क्रीनवर दिवसभर असतात तिथे मंजुरी आली नाही तर लोक आपली पायवाट काढतातच. तुमच्याकडे टीम्स आहे ना? मग इंडेंटची मंजुरी टीम्समध्येच कार्ड म्हणून येऊ द्या. वस्तू, रक्कम, शिल्लक बजेट, खाली दोन बटणं. ईआरपी घरीच बसू दे, त्याला कुणी हलवायला सांगितलंय?

आणि मशिनवरचे २७० लोक? त्यांना मेल नाही, लॉगिन नाही. रजेचा अर्ज ते कसा करतात?

---

दांडियाबझार | बुधवार, रात्री ९:५५

अनघाताई, सुपरवायझर करतो. त्याच्या लॉगिनने. सगळ्यांचा.

मी हे आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही.

---

नोट्सवाला | गुरुवार, सकाळी ६:१०

सगळे डॉमिनोला आजोबा म्हणून हसताय, तर एका आजोबाने बोलायलाच हवं.

लोटस नोट्स आलं १९८९ ला. १९९५ ला आयबीएमने लोटस विकत घेतली, २०१९ पासून ते एचसीएलकडे आहे. तुमच्या या हायब्रिडचा गाभा काय? एक प्रत इकडे, एक तिकडे, मधली लाइन तुटली तरी दोघांचं काम चालू, लाइन आली की मेळ. याला आम्ही रेप्लिकेशन म्हणायचो. ९८ साली मी बडोद्याहून मुंबईला गाडीत बसून लॅपटॉपवर चाळीस मेलना उत्तरं लिहायचो आणि हेड ऑफिसात फोनची वायर लावली की ती जायची. तेव्हाची ती मॉडेमची किरकिर ज्यांनी ऐकली नाही त्यांनी लाइन स्लो आहे म्हणून तक्रार करू नये.

माझं म्हणणं, डॉमिनो नीट चाललंय तर त्याला हलवू नका. ताज्या आवृत्तीवर आणा. आता ते कंटेनरमध्येही (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात) चालतं. आणि त्याच्यावर रेस्ट एपीआय बसवता येतं, म्हणजे टीम्सच्या कार्डाला गेटपासचा डेटा देता येतो, आतला फॉर्म्युला न मोडता. पंचवीस वर्षांचे नियम त्या फॉर्म्युल्यांत आहेत. ज्याने लिहिले तो रिटायर झाला, ज्याच्यासाठी लिहिले तो वारला. ते पुन्हा लिहायला बसाल तेव्हा कळेल की शनिवारी दुपारनंतर गेटपासला दोन सह्या का लागतात हे कारखान्यात कुणालाच आठवत नाही.

---

कोठीनाका | गुरुवार, सकाळी ९:४५

काका, नमस्कार. रेप्लिकेशनचं मान्य. पण एक अडचण सांगतो: डॉमिनो जाणणारा माणूस आज बडोद्यात शोधून दाखवा. तुम्ही सोडून.

---

नोट्सवाला | गुरुवार, सकाळी ९:५८

मी उपलब्ध आहे. सकाळी ११ ते १, जेवणानंतर नाही.

---

यॅमल_बहाद्दर | गुरुवार, दुपारी ४:२५

इतकी चर्चा झाली आणि कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचं नावच नाही? नुसते दोन ठिकाणी सर्व्हर ठेवणं म्हणजे हायब्रिड नव्हे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये जी व्याख्या केली तिच्यात डेटा आणि ॲप एकीकडून दुसरीकडे नेता येणं हा भाग आहे. ॲप कंटेनरमध्ये बांधा, घरी एक क्लस्टर (मशिनांचा गट), क्लाउडमध्ये एक. पूर आला की तिकडे सुरू. संपलं.

---

कोठीनाका | गुरुवार, दुपारी ४:५०

बहाद्दर, व्याख्या बरोबर, औषधाचा डोस घोड्याचा. त्यांच्याकडे माणसं तीन, आणि त्यातला एक बोहल्यावर. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार मिळतो. म्हणजे दर वर्षी दोन क्लस्टर वर चढवायचे, इंगळी डसल्यासारखं. एका इंडेंटच्या ॲपसाठी?

पण कंटेनर करा हे मी पण म्हणेन. कारण तो करताना ॲपच्या पोटातलं सगळं बाहेर पडतं. दांडियाबझार, तुमच्या प्रोग्रामरला तीन प्रश्न विचारा. जोडलेल्या फाइली कुठे ठेवतोस? लॉगिन केलेला माणूस कुठे लक्षात ठेवतोस? डेटाबेसचा पत्ता कुठे लिहिलायस?

---

दांडियाबझार | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

डी ड्राइव्हवर. मेमरीत. कोडमध्ये, चार ठिकाणी.

---

यॅमल_बहाद्दर | गुरुवार, संध्याकाळी ६:४४

ठीक आहे, क्लस्टर राहू दे. आधी हे निस्तरा. फाइली डिस्कवरून काढून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइलींचं वेगळं कोठार), सेशन म्हणजे लॉगिनची आठवण डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये, पत्ते आणि पासवर्ड कोडच्या बाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये. त्यानंतर कंटेनरचं तेच इमेज घरच्या साध्या व्हर्च्युअल मशीनवरही उठेल आणि मुंबईतही. माझा मुद्दा हाच होता, फक्त मी तो उलट्या बाजूने सांगायला सुरुवात केली.

---

नेटाचा_धनी | शुक्रवार, रात्री ८:१५

पुरावरून एक विचारतो. तुमचं टीम्सचं लॉगिन कशावर आहे? घरच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (कंपनीच्या लॉगिनांची वही) पासवर्ड क्लाउडला कसे कळतात?

---

दांडियाबझार | शुक्रवार, रात्री ८:४०

पास-थ्रू. सल्लागार म्हणाले पासवर्ड बाहेर जायला नको, ते सुरक्षित.

---

नेटाचा_धनी | शुक्रवार, रात्री ९:२०

मग २०२४ सारखं पुन्हा झालं तर काय होईल ते ऐका. पास-थ्रूमध्ये माणसाने क्लाउडला पासवर्ड दिला की तो तपासायला तुमच्या कारखान्यातल्या एजंटकडे येतो. एजंट पाण्याखाली किंवा विजेविना, की तपासणारा कोणी नाही. मेल ढगात, टीम्स ढगात, सगळं शाबूत आणि दाराची किल्ली तेवढी मकरपुऱ्याच्या तळमजल्यावर. जे आधीच आत आहेत ते काही वेळ चालवतील. नव्याने लॉगिन करणारा बाहेर. ज्या दिवशी लोकांना एकमेकांशी बोलायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी.

पासवर्ड हॅश सिंक चालू करा. त्यात पासवर्ड जात नाही, त्याच्या हॅशवर (पासवर्डवरून काढलेली, उलटी न फिरवता येणारी खूण) पुन्हा प्रक्रिया करून जे उरतं ते जातं. आणि नुसतं 'पर्याय म्हणून' चालू करून ठेवू नका. पास-थ्रूवरून हॅशवर ते आपोआप पडत नाही, कुणीतरी हाताने बदलावं लागतं. म्हणून मुख्य पद्धतच ती करा. शिवाय फक्त क्लाउडमधली, घरच्या डिरेक्टरीशी संबंध नसलेली दोन ॲडमिन खाती काढा. त्यांचे पासवर्ड बंद पाकिटात, एक शेठच्या तिजोरीत आणि एक हालोलला.

---

अनघा_बडोदे | शुक्रवार, रात्री ९:३४

हे मी आमच्याकडे सोमवारी तपासणार. पोटात गोळा आला.

---

हिशेबनीस | शनिवार, सकाळी १०:००

मी सी.ए., आयटीतला नाही. पण आमच्या अशिलांकडे हल्ली हेच चाललंय, म्हणून कायद्याचं थोडं.

कंपनीची हिशेबाची वही इलेक्ट्रॉनिक असेल तर तिचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा. ऑगस्ट २०२२ पासूनचा नियम. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कोणी काय बदललं याचा माग बंद न करता येणारा हवा, १ एप्रिल २०२३ पासून. सुपरवायझरच्या लॉगिनने सगळ्यांचे अर्ज टाकणं आणि असिस्टंटने साहेबांच्या नावाने मंजूर दाबणं या दोन्हींची सवय हिशेबात शिरली की तो माग असून नसल्यासारखा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग (सिस्टिमच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. तुमचे अर्धे लॉग घरी, अर्धे ढगात. ऑडिटरने मागितले तर दोन्हीकडून एकाच घड्याळाने देता आले पाहिजेत. एका अशिलाकडे घरचा सर्व्हर ११ मिनिटं पुढे होता. मंजुरी मागणीच्या आधी झालेली दिसत होती.

खर्चाचं एक. शेठना 'घरी ठेवलं की फुकट' असं वाटत असेल तर तसं राहिलेलं नाही. घरच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतल्यावर कायमचे परवाने विकणं थांबलं, आता दर वर्षी भाडं. ढगातून डेटा बाहेर काढायलाही बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. ड्रॉइंगं रोज तिकडून इकडे ओढलीत तर पहिल्याच बिलात दिसेल.

---

नोट्सवाला | शनिवार, सकाळी ११:१५

बॅकअपचा विषय निघाला म्हणून. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळलं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता ते दोन्हीकडून गेले. आगीऐवजी पाणी म्हणा, बडोद्याला लागू.

---

दांडियाबझार | शनिवार, रात्री १०:४०

शेअरपॉइंटबद्दल कोणी काही बोललं नाही. ड्रॉइंगांची लायब्ररी आहे ३८ हजार फाइलींची. सगळी शेअरपॉइंट ऑनलाइनवर ढकलू का? सल्लागार म्हणतात ५ हजारांची मर्यादा आहे.

---

अनघा_बडोदे | रविवार, सकाळी ११:२२

५ हजार ही साठवण्याची मर्यादा नाही दादा, एका व्ह्यूमध्ये दाखवायची आहे. इंडेक्स लावलेल्या कॉलमवर गाळणी लावा, प्रॉडक्टप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे, मग ती आडवी येत नाही. खरी आडवी येते ती पत्त्याची लांबी. फोल्डरपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं मिळून ४०० अक्षरांत बसलं पाहिजे. आणि तुमच्याकडे 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल नवं शहासाहेब' असं असणार. असणारच.

पण त्याहून मोठं सांगते. चालू कॅडच्या फाइली ढगात टाकू नका. एका असेंब्लीत शंभर भाग जोडलेले असतात, एक उघडली की शंभर शोधायला निघतात. पुन्हा कोठीनाक्यांचा तो वाणी मुंबईला गेला! काम चालू असलेलं कॅड घरी, डिझाइनवाल्यांच्या शेजारी. मंजूर होऊन शिक्का बसला की त्याची पीडीएफ ढगात. मशिनवरचा माणूस, हालोल, बाहेरचा व्हेंडर, यांना ती पीडीएफच लागते. आणि तिथे जुनी आवृत्ती ठेवूच नका, नाहीतर कुणीतरी तिच्यावरूनच व्हॉल्व्ह कापतो.

१४ जुलैची तारीख हलक्यात घेऊ नका. जुलै २०२५ मध्ये घरच्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झाले तेव्हा निदान पॅच तरी मिळाला. सपोर्ट संपल्यावर तोही नाही. आणि तुमच्याकडे इन्फोपाथचे (मायक्रोसॉफ्टचं फॉर्म बनवायचं जुनं साधन) फॉर्म असतील तर तेही त्याच तारखेला संपतायत.

---

फुकटचा_सल्ला | रविवार, दुपारी १२:०५

मी पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो की पीडीएफ ड्राइव्हवर टाका.

---

कोठीनाका | रविवार, दुपारी १२:०९

😑

---

दांडियाबझार | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५:३०

मंडळी, काय झालं ते सांगायला आलो.

यादीच्या ६४० क्वेऱ्यांच्या ५ झाल्या. मुंबईहूनच ती एका सेकंदाच्या आत यायला लागली, म्हणजे ॲप घरी आणायची घाई राहिली नाही. तरी आणलं. कारण रोजचं त्याचं बोलणं ईआरपीशीच आहे. ढगात राहिला तो एक लहानसा तुकडा: टीम्समध्ये मंजुरीचं कार्ड दाखवणारा आणि उत्तर एका रांगेत टाकणारा. घरचा प्रोग्राम स्वतः बाहेर जाऊन ती रांग वाचतो, त्यामुळे फायरवॉलवर आत यायचं एकही दार उघडावं लागलं नाही. मागच्या गुरुवारी दुपारी दीड तास वीज नव्हती, शेठ दिल्लीत होते. त्यांनी सात इंडेंट मंजूर केले, ते रांगेत थांबले आणि वीज आल्यावर ईआरपीत उतरले. शेठना यातलं काहीच कळलं नाही. माझ्या नोकरीत इतकी चांगली गोष्ट पहिल्यांदाच घडली.

डॉमिनोच्या ८६ पैकी गेल्या बारा महिन्यांत उघडलेले ३१. रोज लागणारे ९. त्या नऊंना हात लावला नाही, काकांना बोलावलं. ते ११ ला येतात, १ ला जातात. शनिवारच्या दोन सह्यांचं कारण त्यांनीच शोधलं: २००३ मध्ये एकदा भंगाराच्या गाडीतून पितळ गेलं होतं. ५५ डेटाबेस वाचण्यापुरते ठेवलेत.

हॅश सिंक मुख्य केलं. शेठची तिजोरी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत २०१६ च्या जुन्या हजाराच्या तीन नोटा निघाल्या. त्या त्यांनी मुकाट्याने खिशात घातल्या, आणि त्याच जागी आमचं पाकीट ठेवलं.

राहिलंय ते मशिनवरच्या लोकांच्या लॉगिनचं. प्रत्येक शेडमध्ये एक सामाइक टॅब आणि ज्याचा त्याचा पिन असं करून बघतोय. दोन शेड झाल्या. तिसऱ्या शेडच्या सुपरवायझरने सगळ्यांचे पिन एका कागदावर लिहून टॅबच्या मागे चिकटवलेत.

---

हिशेबनीस | संध्याकाळी ५:५२

तो कागद ऑडिटच्या आधी काढा.

---

पोह्यावर_शेव | संध्याकाळी ६:१०

आणि सेव-उसळीचं काय झालं?

---

कोठीनाका | संध्याकाळी ६:१५

पैज मी जिंकलो, मी का देऊ? दांडियाबझार देतील. रविवारी सकाळी ८ वाजता, सुरसागरपाशी. नोट्सवाला काकांना ११ च्या आधी चालणार आहे का ते विचारा कुणीतरी.